छत म्हणजे टोपी नव्हे!

"नुसतं छत तर बदलायचंय, त्याला कसली आलीय परवानगी?" इगतपुरीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. बोलणाऱ्यांत आमचे नातेवाईकही आहेत, म्हणून आज जरा स्पष्टच लिहितो.

प्रकार असा. बंगल्याच्या पडवीवर किंवा गच्चीवर हौसेनं काचेचं नाहीतर पॉलिकार्बोनेटचं छप्पर घातलेलं असतं. एप्रिलात तिथे भट्टी आणि आषाढात ढोलताशे. शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. मग कोणीतरी सुचवतं, "पफ पॅनल टाका."

कल्पना उत्तम आहे, माझा तिला विरोध नाही. एका चौरस मीटर साध्या काचेतून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, साडेपाच वॅटच्या वर उष्णता जाते. ५० मिलिमीटरच्या पफ पॅनलमधून अर्ध्या वॅटहून कमी. २०१८ च्या इको निवास संहितेनं मोठ्या भूखंडांवरच्या घरांच्या छतांना १.२ ची मर्यादा घातली. म्हणजे आपली पडवी त्यात आरामात पास!

पण परवानगीचं काय? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ४३ आतल्या दुरुस्तीला आणि बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या कामाला सूट देतं. काच जाऊन पक्कं छत आलं, तर रूप बदललं नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? "पावसाळी शेड आहे हो" ही पळवाटही चालणार नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ती शेड तात्पुरत्या बांधकामात मोडते, फक्त पावसाळ्यापुरती. बाराही महिने बोल्टांनी आवळलेलं पॅनल तात्पुरतं कसं?

इथवर वाचून आमचे काका म्हणतील, "म्हणजे तू नगरपरिषदेच्या बाजूचा!" मुळीच नाही. माझं खरं भांडण पुढेच आहे.

कागदावर नियमावली मजबुती मागते. पण असल्या छोट्या कामात सगळी चर्चा फिरते क्षेत्रफळाभोवती. एफएसआय किती खाल्ला, मार्जिन किती सुटलं. हे छत वाऱ्यात टिकेल का, हा प्रश्न कोणाच्याच तोंडी नाही. ना मालकाच्या, ना फॅब्रिकेटरच्या.

सगळे विचारतात, "वजन पेलेल ना?" अहो, पॅनलचं वजन चौरस मीटरला दहा-बारा किलो. चार इंची स्लॅबचं अडीचशे. प्रश्न खाली कोसळण्याचा नाही, वर उडण्याचा आहे. भारतीय मानक ८७५ नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतं. त्याचा दाब होतो चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. डोंगरमाथ्याला किंवा कड्याच्या कडेला हाच वेग मानकाप्रमाणे १.३६ पटीपर्यंत वाढवावा लागतो, आणि दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन ते दोन पट. आपण थळ घाटाच्या माथ्यावर राहतो, मंडळी! दहा किलोचं पॅनल त्या वाऱ्यापुढे पतंग आहे. त्याला धरून ठेवतात ते स्क्रू, पर्लिन आणि भिंतीतले अँकर. जुना सांगाडा काचेसाठी बनवलेला, तोच पुरेल हे कोणी तपासलं?

इंग्लंडमध्ये तीस चौरस मीटरपर्यंतच्या काचघराला बांधकाम नियमांतून सूट मिळू शकते. पण काच काढून भरीव छत घातलं की सर्वसाधारणपणे ते काम तपासणीखाली येतं, आणि त्यात सांगाड्याची ताकद आणि उष्णतारोधन दोन्ही बघतात. तिथला पाऊस आपल्या श्रावणापुढे काहीच नाही, तरीही!

माझी मागणी साधी आहे. छोट्या छतबदलासाठी एक पानी अर्ज असावा. त्यावर अभियंत्याची सही, अँकरचा तपशील, उतार, पन्हळीचं पाणी कुठे सोडणार ते, आणि पॅनलमध्ये काय भरलंय ते. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण पफ पेटलं तर विषारी धूर होतो. स्वयंपाकघराला लागून पडवी असेल तर रॉकवूल बरं. परवानगी आठवड्यात मिळाली तर लोक चोरून कामं करणार नाहीत. आज लपवाछपवी होते, आणि लपवलेल्या कामाला अभियंता कोण बोलावणार?

तोवर सरकारची वाट बघू नका. फॅब्रिकेटरला "दर काय?" विचारण्याआधी "हे उडणार नाही कशावरून?" एवढं विचारा. उत्तर आकड्यात आलं नाही, तर दुसरा शोधा.

आपलं छत उडालं तर ते शेजाऱ्याच्या अंगणात पडतं. तिथे पोरं खेळत असतात.