टेकडी विथ काका

शनिवारी रात्री साडेअकराला मैत्रिणीचा मेसेज आला : 'उद्या सकाळी सव्वासहा, एआरएआयची टेकडी. फुल पँट, शूज, परफ्यूम नको. आणि दोन लिटर पाण्याची एक बाटली एक्स्ट्रा आण.' एक्स्ट्रा कशाला, असं विचारेपर्यंत बाईसाहेब झोपून गेलेल्या.

संडेला सकाळी सव्वासहा! आपल्यासारख्या पाच दिवस मॉनिटरसमोर बसणाऱ्या पब्लिकला वीकेंडचे दोनच ऑप्शन ठाऊक असतात, मॉल नाहीतर मुळशी. टेकडी ही रिटायर्ड मंडळींनी हात वर करून मोठ्यानं हसण्यासाठी असते, अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती. वेताळ टेकडी आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसते. पुणे शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. कोडिंग करून डोळे दुखायला लागले की आमचा अख्खा फ्लोअर तिच्याकडे बघतो. वर मात्र कोणी जात नाही.

तर सव्वासहाला आम्ही अठराजण जमलो. बरेचसे आयटीवाले, एक सीए, एक नवंकोरं जोडपं आणि एक आजी, ज्या शेवटपर्यंत आम्हा सगळ्यांच्या पुढेच होत्या. लीडर म्हणजे काका. बँकेतून रिटायर झालेले, डोक्याला कॅप, गळ्यात दुर्बीण. त्यांच्याबरोबर बॉटनीत एमएस्सी करणारी एक मुलगी, जिचं मुख्य काम काकांना करेक्ट करणं हे असावं. टेकडीच्या आजूबाजूला राहणारी ही आठ-दहा माणसं. दर महिन्याच्या एका रविवारी लोकांना वर घेऊन जातात. फी नाही, बॅनर नाही, सर्टिफिकेट तर नाहीच नाही.

पहिल्या अर्ध्या तासात आम्ही जेमतेम दोनशे मीटर चाललो असू. मी मनात कॅलरीजचा हिशेब मांडून आले होते, तो तिथेच बोंबलला. काका दर चार पावलांनी थांबणार. 'ऐका.' मग सगळे चिडीचूप. झुडपातून दोन सुरांची खणखणीत शीळ आली. नवरंग! हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर वर सरकतो. जाता जाता आपल्या टेकड्यांवर उतरतो. म्हणजे मी सेनापती बापट रोडवर हॉर्न वाजवत असते तेव्हा हा तिथून हाकेच्या अंतरावर गात असतो. आम्हाला तो दिसला नाही. सीएला दिसला म्हणे, पण त्याच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

आदल्या दोन दिवसांत सरी पडून गेल्या होत्या. पायवाटेच्या कडेला ओल्या मातीत लाल मखमलीचा ठिपका हलताना दिसला आणि मी चक्क किंचाळले. मृगाचा किडा! तिसरीत असताना आजोळी मी हे काडेपेटीत भरून ठेवायचे. वीस वर्षांत एकदाही दिसला नव्हता. बॉटनीवाल्या मुलीनं सांगितलं की याला आठ पाय असतात, त्यामुळे हा कीटक नव्हेच, कोळ्यांच्या गोतावळ्यातला. वर्षातला बराचसा काळ जमिनीखाली काढतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. अठरा माणसं, सरासरी वय तीस, एका किड्याभोवती उकिडवी बसलेली. नवऱ्यानं बायकोचा हात सोडून फोन काढला. काका म्हणाले, 'फोटो काढा, पण उचलू नका हं.'

पुढे दोन्ही बाजूंना गच्च हिरवी झाडं लागली. मी म्हटलं, 'वॉव, काय जंगल आहे!' काका हसले. ते सगळं गिरिपुष्प. मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. उघड्या टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून काही दशकांपूर्वी वनखात्यानं लावलं. भराभर वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, त्यामुळे टिकलं. त्यानं माती धरून ठेवली हेही काकांनी कबूल केलं. पण उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव उगाच पडलेलं नाही, त्याच्या बिया आणि साली विषारी असतात. त्याच्या दाट सावलीखाली इथलं गवत आणि झुडपं नीट वाढत नाहीत. इथली असली झाडं म्हणजे सालई, मोई, बाभूळ. आणि मधे मोकळं गवत. आपल्याला उजाड वाटतो तो गवताचा पट्टा मुळात तसाच असायचा, त्यात मुनिया आणि चंडोल राहतात.

इथे माझी विकेट पडली. कारण त्या गवताच्या पट्ट्यात ओळीनं खड्डे होते, आणि ते खड्डे मी ओळखले. दोन वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसची ट्री प्लांटेशन ड्राइव्ह झाली होती! हिरवे टी-शर्ट, इडली-वडा, ग्रूप फोटो. माझा रोपाबरोबरचा फोटो बरेच महिने प्रोफाइलवर होता. मी खड्डे मोजायला सुरुवात केली. एकोणतीस. जिवंत रोपं तीन. काकांना मी काही सांगितलं नाही. मैत्रिणीनं सांगितलं. (असली मैत्रीण शत्रूलाही मिळू नये.)

काका ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, 'त्या तीनमधली दोन आम्हीच जगवलीत. बाटल्या काढा.' तर एक्स्ट्रा बाटली यासाठी! पुण्यात टेकडीवर फिरायला जाणारे कितीतरी जुने लोक वर जाताना पाणी घेऊन जातात आणि रोपांना घालतात. उन्हाळाभर. पाऊस दोन दिवस झाला की लगेच मुळं भिजत नाहीत, म्हणून आम्हीही घातलं. माझ्या दोन लिटरनं एक आळंसुद्धा धड भरलं नाही.

खाणीच्या काठावर सगळे बसलो आणि डबे उघडले. खाली कोथरूड, मागे पाषाण. तिथे विषय निघालाच. बालभारती ते पौड फाटा रस्ता. टेकडीच्या अंगावरून जाणारा साधारण दोन किलोमीटरचा हा रस्ता अनेक वर्षं कागदावर आहे, कोर्टातही गेलाय. टेकडीच्या पोटातून बोगदे काढण्याचाही प्रस्ताव आहे. त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोर्चा काढून रस्त्यावर उतरले होते. काकाही होते. टेकडीवर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून झिरपतो आणि खालच्या विहिरी-बोअरना मिळतो, ती वाट तुटेल, हे त्यांचं म्हणणं.

आता खरं सांगायचं तर मी या रस्त्याच्या बाजूची होते. लॉ कॉलेज रोडला रोज संध्याकाळी माझी जी वाट लागते ती माझी मला माहीत. नळ स्टॉपच्या सिग्नलला मी अख्खा पॉडकास्ट संपवलाय. मी तसं बोलून दाखवलं. दोघंतिघं तुटून पडले. काका नाही पडले. म्हणाले, 'तुमचा वेळ जातो हे खोटं कुठंय? माझा मुलगाही हेच म्हणतो.' आणि त्यांनी मला लाडू दिला. लाडू खाता खाता भांडता येत नाही, हे त्यांना बहुधा चांगलं ठाऊक असावं.

उतरताना मी सगळ्यांच्या मागे होते. पायाखाली बघत चालले होते, कोणी मखमलीवाला चिरडू नये म्हणून.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता मी पुन्हा लॉ कॉलेज रोडवर अडकले. पंचवीस मिनिटं. शेजारच्या कारमधला माणूस फोनवर कोणाला तरी सांगत होता, 'तो टेकडीवरचा रोड झाला ना की सुटलो.' मागच्या सोमवारी मी मान हलवली असती. काच खाली करून त्याला काही सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? तेवढ्यात सिग्नल सुटला.

पुढचा वॉक जुलैत आहे. मी पाच लिटरचा कॅन घेतलाय. ऑफिसमध्ये चौघांना तयार केलंय, त्यात आमच्या प्लांटेशन ड्राइव्हवाल्या एचआर मॅडमही आहेत. त्या खड्ड्यांबद्दल त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.