फेरारी-पोर्शे घ्यायचा विचार आहे? मग आधी नागावपर्यंतचा रस्ता बघा

डिसेंबर २०२४ च्या शेवटी एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फेरारी वाळूत रुतलीय आणि बैलगाडीला दोर बांधून तिला बाहेर ओढलं जातंय. लोक हसले, फॉरवर्ड केलं, विषय संपला.

पण खरा विषय तिथेच सुरू होतो. अलिबागच्या दक्षिणेला नागाव, मग चौल, मग रेवदंडा, हा सगळा पट्टा म्हणजे मुंबईकरांचा वीकेंड. सुपरकार इथे येतात, फोटो काढतात, परत जातात. पुढे त्यातली एखादी सेकंड हँड बाजारात येते तेव्हा वाळू धुतलेली असते, रंग चकाकत असतो आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘फक्त ८ हजार किलोमीटर चाललेली’. ते किलोमीटर कुठे चाललेत, हे कुणी लिहीत नाही. आणि टू-सीटर गाडी पारखताना महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

आधी नवीन गाडीचं गणित बघू. परदेशात तयार होऊन येणाऱ्या महागड्या गाडीवर सध्या ११० टक्के आयात कर लागतो. बंदरात १ कोटीला पडलेली गाडी कर भरून २ कोटी १० लाखांची होते. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, म्हणजे झाले २ कोटी ९४ लाख. यात डीलरचा नफा नाही, विमा नाही, रोड टॅक्स नाही. आयात गाडीला महाराष्ट्रात २० टक्के रोड टॅक्स लागतो, पण त्याला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली.

या मर्यादेमुळे एक गंमत झाली. कर्नाटकात रोड टॅक्सला अशी मर्यादा नाही, त्यामुळे तिथले काही श्रीमंत एमएच पासिंगच्या गाड्या फिरवू लागले. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या परिवहन अधिकाऱ्यांनी अशीच एक फेरारी एसएफ९० पकडली आणि मालकाला सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये भरावे लागले. जुनी गाडी घेणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं की परराज्यातलं पासिंग दिसलं तर थांबायचं. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नव्याने नोंदणी करावी लागते, आणि तो कर तुमच्या खिशातून जातो.

आयात कराच्या कागदांचंही तसंच. सचिन तेंडुलकरची फेरारी ३६० मोडेना आठवते ना? २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते मिळालेली. तिच्यावरचा १ कोटी १३ लाखांच्या आसपासचा कर माफ झाला, त्यावरून रान उठलं आणि शेवटी तो कर फियाट कंपनीने भरला. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. तिथे सगळं उघड होतं. पण २०२१ मध्ये डीआरआयने मुंबईत जे रॅकेट पकडलं, त्यात परदेशी मुत्सद्द्यांच्या नावावर करमुक्त गाड्या आणून इथे विकल्या जात होत्या. म्हणून आरसी बुकावर समाधान मानू नका. गाडी आली तेव्हाची कर भरल्याची पावती मागा.

आता रस्ता. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जायचं तर रो-रो बोटीत चढताना उतार लागतो. जमिनीवरून गेलात तर वडखळहून अलिबाग, आणि मग नागावपर्यंत गावागावातले स्पीड ब्रेकर. नियमातला ब्रेकर १० सेंटिमीटर उंच असतो, गावातला किती असेल हे ज्याने डांबर टाकलं त्यालाच माहीत. बहुतेक टू-सीटर स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून ११ ते १३ सेंटिमीटरवर असतं. साध्या स्विफ्टचं १६ च्या पुढे. काही गाड्यांत बटण दाबून नाक ४ सेंटिमीटरच्या आसपास वर उचलता येतं. या मार्गासाठी ती सोय घ्याच, सेकंड हँडमध्ये तर आधी तीच चालते का बघा.

नवीन गाडी म्हणजे निर्धास्त, असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेमंडचे गौतम सिंघानिया यांनी जाहीर तक्रार केली होती की, टेस्ट ड्राइव्हला घेतलेली नवी लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो इलेक्ट्रिकल बिघाडामुळे अटल सेतूवर बंद पडली. नव्या गाडीत असा प्रश्न कंपनीच्या वॉरंटीत जातो. वॉरंटी संपलेल्या गाडीत तो तुमचा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खारं पाणी. नागावात गाडी नुसती उभी राहिली तरी खारी हवा लागते. किनाऱ्यावर नेली तर मीठ आणि बारीक वाळू ब्रेकच्या भागांत, बेअरिंगमध्ये, वायरींच्या जोडांत जाऊन बसते. ते लगेच दिसत नाही. सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर कुठला तरी दिवा लागतो आणि कारण सापडत नाही. छप्पर उघडणाऱ्या गाडीचं दुखणं आणखी वेगळं. छपराच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, वाडीतला पालापाचोळा त्यात अडकला की पाणी सीटखाली उतरतं. (आणि कापडी छपराची गाडी माडाखाली लावू नका, हे कोकणात सांगायची गरज नाही, पण पाहुण्यांना असते.)

त्यामुळे बघायला जाल तेव्हा गालिचा उचलून खाली हात फिरवा, ओल लागते का बघा. सीटचे बोल्ट गंजलेत का बघा. टायरवर चार अंकी आकडा असतो, ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. गाडी कमी चाललेली आणि टायर सहा वर्षांचे असतील तर तेही बदलायचे आहेत, हे धरून भाव करा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढवून खालची बाजू तपासायला लावा. मालक नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

विम्यातही गोम आहे. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा येत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर लागतं. शिवाय गाडी मनाई असलेल्या किनाऱ्यावर नेली असेल तर क्लेम अडकू शकतो. आयडीव्हीच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात, बाजारात चांगली पोर्शे त्याहून महाग विकली जाऊ शकते. हा फरक बुडाला तर तुमचाच.

थांबावं का? जुलै २०२५ मध्ये झालेल्या ब्रिटनबरोबरच्या करारात तिथल्या गाड्यांवरचा कर ठराविक संख्येपुरता टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलंय. मॅकलॅरेन, लोटस, अ‍ॅस्टन मार्टिन तिथल्याच. नवीन स्वस्त झाल्या तर ११० टक्के कर भरून आलेल्या जुन्या गाड्यांचा भाव टिकणं अवघड, त्यामुळे ‘गुंतवणूक’ म्हणून आज जुनी सुपरकार विकणाऱ्याचं फार ऐकू नका. करकरीत टू-सीटर हवीच असेल तर इलेक्ट्रिक एमजी सायबरस्टर जुलै २०२५ मध्ये ७५ लाखांच्या आत आलीय. इलेक्ट्रिक असल्याने तिच्यावर जीएसटी ५ टक्केच, पण ब्रेकर तिलाही तेच.

माझं मत विचाराल तर नागावला जा-ये करणाऱ्याने तीन-चार वर्षं जुनी, मुंबईत बंद पार्किंगमध्ये राहिलेली आणि एकाच वर्कशॉपची सगळी बिलं असलेली गाडी शोधावी. किनाऱ्यावर मात्र चालतच जावं, नागावात मुक्कामापासून समुद्र फार तर दहा मिनिटांवर असतो.