नुसती बेस कार्डं

नोव्हेंबर २०२५ मधल्या एका शनिवारची गोष्ट. सकाळी कचरा बाहेर ठेवायला गेलो होतो (आमच्या घरात इंजिनियरकडे विश्वासाने सोपवलेलं हे एकमेव काम). रिसायकलिंगच्या डब्याचं झाकण उघडलं तर आतून पंचवीस-तीस माणसं माझ्याकडे बघत होती. कुणी उडी मारलेला, कुणी चेंडू टाकतानाचा, कुणी नुसताच तोंड वासून ओरडणारा. बास्केटबॉलची कार्डं! कोरी करकरीत, छपाईचा वाससुद्धा न गेलेली.

ती गोळा करून वर गेलो आणि चिरंजीवांना विचारलं, "अरे, ही चुकून पडली का डब्यात?"

"नाही बाबा, मीच टाकली. ते नुसते बेस आहेत." मान वर करायचीही तसदी नाही.

आता ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत दर हंगामात एनबीएच्या खेळाडूंची छापील कार्डं निघतात. बंद पाकिटात मिळतात, आत कोण निघेल ते नशिबावर. संचातलं साधं, क्रमांक घातलेलं कार्ड म्हणजे बेस. त्याशिवाय पाकिटांत अधूनमधून पेरलेली 'खास' कार्डं असतात. तेच चित्र पण चकचकीत सोनेरी किंवा जांभळ्या कडेचं, खेळाडूची सही असलेलं, जर्सीचा तुकडा चिकटवलेलं. यातल्या काहींवर ७/२५ वगैरे आकडा छापलेला असतो, म्हणजे अशी पंचवीसच काढली आणि तुमचं सातवं. आणि या सगळ्याचं शिखर म्हणजे १/१. जगात एकच. पोरं पाकीट फोडतात ती यासाठी. बाकीचं सगळं म्हणजे कागदाचा पेंढा.

या वर्षी प्रकरण जरा जास्तच तापलेलं होतं, आणि त्याला कारणं होती. एक म्हणजे टॉप्स परत आलं होतं. टॉप्सने बास्केटबॉलचा पहिला संच १९५७-५८ मध्ये काढला, ८० कार्डांचा. नंतर कधी होते, कधी नव्हते. २००९ मध्ये एनबीएने एकट्या पानिनी कंपनीला हक्क दिले आणि पुढची सोळा वर्षं टॉप्स बाहेर राहिलं. २०२२ मध्ये फॅनॅटिक्सने टॉप्स विकत घेतलं आणि २०२५-२६ च्या हंगामापासून एनबीएची कार्डं पुन्हा त्यांच्याकडे आली.

दुसरं कारण घरचं. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. १ फेब्रुवारी २०२५, शनिवारची रात्र. झोपायच्या बेतात असताना बातमी आली की मॅवरिक्सने लुका डॉन्चिचला लेकर्सला देऊन टाकला. आदल्याच वर्षी ज्याने संघाला अंतिम फेरीत नेलं, तो! चिरंजीवांच्या भिंतीवर त्याचं ७७ नंबरचं पोस्टर होतं. दोन दिवस घरात सुतक होतं म्हणा ना. मग मे महिन्यात लॉटरी निघाली, म्हणजे नव्या खेळाडूंमधून पहिली निवड कोणाची त्याची सोडत. आमच्या मॅवरिक्सची शक्यता होती १.८ टक्के. आणि ती लागली! जूनमध्ये कूपर फ्लॅग डॅलसचा झाला.

तर बारा वर्षांच्या पोराने यातून काय धडा घेतला असेल? की १.८ टक्के लागतात. आपल्याला लागतात. वाढदिवसाचे आणि आजीने पाठवलेले सगळे पैसे त्याने पाकिटांत घातले, फ्लॅगचं सहीवालं रूकी कार्ड मिळेल म्हणून. (रूकी म्हणजे खेळाडूच्या पहिल्या हंगामातलं कार्ड. संग्राहकांत त्यालाच खरा भाव.) ते अर्थातच मिळालं नाही. मिळाली ती नुसती बेस, आणि ती डब्यात गेली.

बायको म्हणाली, "हा जुगार आहे, बंद करून टाक." तिचं चूक नाही. टेक्सासमध्ये लॉटरीचं तिकीट घ्यायला अठरा वर्षं पूर्ण लागतात, आणि कार्डाचं पाकीट सहा वर्षांचं पोरही घेऊ शकतं. पाकिटामागे बारीक अक्षरात शक्यता छापलेली असते, इतक्या पाकिटांत एक वगैरे. हा वाद कोर्टातही जाऊन आलाय. संग्राहकांनी कंपन्यांवर दावे लावले होते की हा बेकायदा जुगार आहे आणि त्यात आमचं नुकसान झालं. २००२ मध्ये फ्लीर-स्कायबॉक्सच्या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं की हवं ते कार्ड निघालं नाही म्हणून होणारी निराशा हे मालमत्तेचं नुकसान नव्हे. तुम्ही कार्डं आणि एक संधी विकत घेतलीत, दोन्ही तुम्हाला मिळाली. संपलं.

कायद्याचं मला कळत नाही, पण यातली मेख मला वेगळीच वाटते. 'कार्डं आणि एक संधी' यातली कार्डं जर डब्यात टाकायच्या लायकीची असतील, तर विकली काय गेली? फक्त संधी. तीस वर्षांत या धंद्याने जे केलं ते हेच. कार्डाची किंमत हळूहळू शून्यावर आणली आणि संधीची वाढवत नेली. माझी खरी तक्रार जुगाराविषयी नाहीच. गोळा करायची जी मजा होती तिचाच त्यांनी पेंढा केला, ही आहे.

आम्ही लहानपणी सांगलीत काडेपेटीचे छाप जमवायचो. जहाज छाप कुणालाच नको असायचा, कारण तो प्रत्येक घरात. पण दक्षिणेकडून येणारे ट्रक ड्रायव्हर हायवेच्या चहाच्या टपरीवर रिकाम्या पेट्या टाकून जायचे, त्यांवरची चित्रं आमच्याकडे दुर्मिळ. त्यासाठी सायकलने जायचं, टपरीवाल्याच्या शिव्या खायच्या, मग शाळेत मधल्या सुट्टीत वह्या उघडून बदलाबदली. "हा माझ्याकडे डबल आहे, तू काय देतोस?" डबल हा शब्द तेव्हा चलनासारखा होता. दोन जहाजं देऊन कुणी मोर देत नसे, पण पाच जहाजं आणि एक समोसा दिला तर बोलणी सुरू व्हायची. दुर्मिळपणा होता, पण तो कुणी छापलेला नव्हता. तो अंतरातून आलेला होता.

बास्केटबॉलच्या कार्डांतही पूर्वी असंच होतं. १९८६-८७ चा फ्लीरचा संच घ्या, १३२ कार्डांचा. पाकिटात बारा कार्डं, एक स्टिकर आणि च्युइंगमची एक पट्टी. मायकल जॉर्डनचं कार्ड क्रमांक ५७. ते मुद्दाम कमी छापलेलं नव्हतं, बाकीच्यांसारखंच एक. आज निर्दोष प्रती मोजक्या उरल्या त्याचं कारण पोरांनी ती हाताळली, खिशात घातली, रबर लावून बांधली. त्यात कडा रंगीत, जरा घासलं की पांढरं दिसतं. म्हणजे ते दुर्मिळ झालं ते वापरून. आणि आता? १९९३ च्या सुमारास टॉप्सने फाइनेस्ट संचात झळाळणारी रिफ्रॅक्टर कार्डं आणली तोपर्यंतही ठीक होतं. पण आज एकाच फोटोचे इतके रंग निघतात की मोजता मोजता दमायला होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर रंगाचा एक पॅरामीटर बदलायचा आणि पुन्हा बिल्ड मारायचा. असा बदल केलेल्या फाइलला मी 'जगात एकमेव' म्हटलं तर माझा मॅनेजर मला घरी बसवेल. इथे लोक त्यासाठी घर गहाण टाकतात :-)

मीही धुतल्या तांदळासारखा नाही, हे इथेच कबूल करतो. २०२१ च्या सुरुवातीला, लॉकडाउनच्या दिवसांत, जॉर्डनच्या त्याच ५७ नंबरच्या कार्डाच्या निर्दोष प्रती लिलावात प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेल्या. सगळं जग वेडं झालं होतं. कार्ड तपासून दर्जा देणाऱ्या पीएसएकडे इतका ढीग साचला की मार्चअखेर त्यांनी बहुतेक प्रकारची कामं घेणंच थांबवलं. मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी होऊन बंदूक निघाली. आणि या सगळ्यात अस्मादिकांनी 'गुंतवणूक' म्हणून एका तरुण खेळाडूची कार्डं घेतली. किती डॉलरची ते बायको हे वाचते म्हणून सांगत नाही. त्याच वर्षात जॉर्डनचं ते कार्डही दोन लाखांच्या आसपास घसरलं, तिथे माझ्या कार्डांना कोण विचारतो! ती अजून कपाटात आहेत, प्लॅस्टिकच्या जाड डबीत, आणि मी ती कधी काढून बघितलेली नाहीत. पाच वर्षांत एकदाही नाही. त्या खेळाडूचा खेळ तरी मला आवडत होता का? खरं सांगायचं तर नाही. मग पोराला कुठल्या तोंडाने बोलायचं?

म्हणून बोललो नाही. आकडेमोड केली. (इंजिनियर दुसरं काय करणार.)

समजा संचात ३०० कार्डं आहेत आणि प्रत्येक निघायची शक्यता सारखी. नुसती पाकिटं फोडून पूर्ण संच जमवायला सरासरी किती कार्डं लागतील? जवळजवळ १८८५. पण गंमत पुढे आहे. पहिली दीडशे वेगवेगळी कार्डं जमायला सरासरी २०७ पुरतात. शेवटच्या दहासाठी मात्र सुमारे ८८० लागतात! आणि एकट्या शेवटच्या कार्डासाठी तीनशे. म्हणजे सगळा पैसा जातो तो शेवटाला. हे मी चिरंजीवांना कागदावर काढून दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मग पूर्ण कोण करतं?"

"एकटा कुणीच नाही. डबल असतात ना, ते बदलायचे."

याचंच मला नवल वाटतं. शेवटची दहा कार्डं ही पाकिटाची नाहीत, ती शेजारच्या पोराची आहेत. ज्या कार्डाचे डबल असतात त्याचीच बदलाबदली होऊ शकते. १/१ ची कशी करणार? त्याला डबल नाही, म्हणून त्याला मित्रही नाही. ते विकायचं, नाहीतर डबीत घालून ठेवायचं. बेस कार्ड कचऱ्यात गेलं की बदलाबदली गेली, आणि ती गेली की उरतो एकटा मुलगा, एक पाकीट आणि १.८ टक्के.

लोक म्हणतील, मग पाकिटं घेऊच नका, सुटी कार्डं घ्या. मीही तेच म्हणतो, हव्या त्या खेळाडूचं बेस कार्ड सुटं घ्या, बहुतेकांचं चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडतं. पण पाकीट अजिबात नको असं मी म्हणणार नाही. वाढदिवसाला दोन पाकिटं फोडली तर आभाळ कोसळत नाही, आणि फोडतानाचा तो अर्धा सेकंद खोटा नसतो. फक्त पाकीट सुरुवातीला असावं, शेवटाला नाही.

तर आम्ही नऊ खणांची प्लॅस्टिकची पानं असलेली जाड फाइल आणली. डब्यातून काढलेली कार्डं क्रमाने लावली. एकाला केचप लागलं होतं, ते पुसून घेतलं. पहिल्या शनिवारी खणांपेक्षा भोकंच जास्त दिसत होती. मग शाळेच्या बसमधल्या दोन मुलांना त्याने विचारलं, तर त्यांच्याकडे बुटाच्या खोक्यात बेस भरून पडलेली, कुणालाच नको असलेली. फुकट देत होते. चिरंजीव फुकट घेईनात, म्हणाले बदलूया. (हे कुठून आलं मला माहीत नाही. समोशाची गोष्ट मी त्याला सांगितली होती खरी.)

त्याच खोक्यात फ्लॅगचं साधं बेस रूकी कार्ड निघालं. सही नाही, चकाकी नाही. ते आता फाइलमध्ये आपल्या क्रमांकाच्या खणात आहे, आणि त्याच्या एका बाजूला कोण खेळाडू आहे आणि तो डाव्या हाताने कसा टाकतो हे मला रोज जेवताना ऐकावं लागतं.

संच अजून पूर्ण नाही. दोन-चार खण खरोखरच मिळत नाहीत म्हणून रिकामे आहेत. आणि एक खण मुद्दाम रिकामा आहे. ते कार्ड आमच्याकडे तीन-तीन आहे, म्हणजे डबलचेही डबल. पण त्यात लुका डॉन्चिच लेकर्सच्या जर्सीत आहे, आणि चिरंजीव ते लावायला तयार नाहीत. मी दोनदा सांगून बघितलं की अरे, संच म्हणजे संच. तो म्हणतो, "नंतर बघू, बाबा."