खतकुंडीत कोणाच्या घरचा कचरा?

शहरातल्या सामुदायिक शेतीवर जे छापून येते त्यात फोटो टोमॅटोचे असतात, खतकुंडीचे नसतात. साहजिक आहे. पण अशा शेतीवर चार रविवार राबलेल्या कोणालाही विचारा. निम्मे काम आणि जवळपास सगळी भांडणे खतकुंडीपाशी होतात. गेल्या काही महिन्यांत काही वाचकांनी आपल्या सोसायटीत किंवा मोहल्ल्यात अशी शेती सुरू करण्याबद्दल विचारले आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या गच्चीला कायम कुलूप असते त्यांच्यासाठीही.

मुंबईतले यातले ठळक उदाहरण एका स्वयंपाकघराचे आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात हजारो कर्मचाऱ्यांचे जेवण बनत असे आणि भाज्यांच्या देठा-सालींचे काय करायचे हा तिथला रोजचा प्रश्न होता. खानपान विभाग सांभाळणाऱ्या प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्याच इमारतीच्या गच्चीवर तो कचरा मुरवून झाडे लावायला सुरुवात केली. डॉ. आर. टी. दोशी यांची शहरी शेती आणि कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचा प्रयोग परिवार ही त्यामागची प्रेरणा. दाभोलकर मुळात गणिताचे प्राध्यापक. विद्यापीठाच्या शिक्क्याची वाट न पाहता शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, मोजमाप ठेवावे आणि शेजाऱ्याला सांगावे, हा त्यांचा आग्रह. संगणकाच्या क्षेत्रातल्या माणसाला हे ऐकून घरच्यासारखे वाटते.

पद्धत थोडक्यात अशी. शहरात माती विकत आणायची नाही, बनवायची. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ आणि दहा लिटर पाणी एकत्र करून तीन दिवस रोज ढवळायचे, मग शंभर लिटर पाण्यात मिसळायचे. त्यात वाळका पाला, रसवंतीवरची उसाची चिपाडे भिजवायची, ढीग रचायचा, ओल टिकवायची आणि आठवड्याला उलटायचा. महिनाभराने ढिगावर नाना प्रकारचे बी पेरून उगवलेली रोपे २१, ४२ आणि ६३ व्या दिवशी छाटून पुन्हा त्यातच घालायची. साडेचार-पाच महिन्यांत हातात येते ती भुसभुशीत, काळी, पावसाच्या वासाची माती. आम्ही जिथे काम करतो तिथे शेण तबेल्यातून येते, म्हणजे म्हशीचे. मातीने अजून तक्रार केलेली नाही.

पुढचे काम ऋतू ठरवतो. थंडीत मेथी, पालक, मुळा, टोमॅटो. उन्हाळ्यात हिरवी जाळी आणि आच्छादन, नाहीतर दुपारपर्यंत सगळे माना टाकते. पावसाळ्यात पालेभाज्या कुजतात, म्हणून भेंडी, दोडका, अळू. चवळीवर मावा पडला की आधी मुंग्यांची रांग शोधायची, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्याच त्याची राखण करतात; मग निंबोळी तेल आणि साबणाचे पाणी. रमजानमध्ये आमच्याकडे पाणी घालण्याची पाळी सहरीनंतर लागते, आणि तेव्हा आजारी पडणारा एक निवृत्त काका इतर अकरा महिने सगळ्यांच्या आधी हजर असतो.

आता खतकुंडी. एका सोसायटीच्या गच्चीवरची शेती नीट चालू होती. घराघरांतून ओला कचरा येत होता. एके दिवशी एका डब्यात अंड्याची टरफले आणि कोळंबीची साले निघाली. गटावर मेसेज आला: "आपल्या कंपोस्टमध्ये हे नको, पावित्र्य राहत नाही." डबा आमच्या मजल्यावरच्या खालांचा होता. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून कचरा पाठवणे बंद केले, आठवड्याभराने वाफ्याकडे येणेही. गवार, पुदिना, अंबाडी यांतले त्यांना जेवढे कळत होते तेवढे आम्हा कोणालाच कळत नव्हते.

पुढच्या रविवारी बैठक झाली. मला तिथे जे महत्त्वाचे वाटले ते असे. खतकुंडीत काय घालू नये याला खरी कारणे आहेत. हाडे, शिजवलेले मटण, तेलकट रस्सा यांनी उंदीर-घुशी येतात, वास सुटतो, माश्या होतात. पण तुपाची आमटी आणि पनीरची भाजी यांनीही तेच होते. मासळीच्या टाकाऊ भागात नत्र भरपूर असते. कोकणात नारळाच्या बुंध्याला मासळीचे खत घालणे जुनेच आहे, आणि दक्षिणेत अनेक शेतकरी मासळी आणि गूळ समप्रमाणात बंद भांड्यात आंबवून, भरपूर पाण्यात पातळ करून फवारतात. अंड्याच्या टरफलांत कॅल्शियम असते. म्हणजे नियम करायचा तर तो उंदीर, वास आणि कुजण्याच्या वेगावरून करा. कोण काय खातो यावरून नको. तसाच नियम लिहून फलकावर लावला: कोणाच्याही घरचे शिजवलेले अन्न नाही, कच्च्या साली, देठ, चहाचा चोथा, चुरलेली टरफले चालतील, मासळीसाठी वेगळा झाकणाचा ड्रम, ओल्याच्या दुप्पट वाळका पाला. दोन घरे बाहेर पडली. खाला परत आल्या, पण लगेच नाही.

या सगळ्यात एक गंमत कोणाच्या लक्षात आली नाही. नर्सरीतून गुलाबासाठी आणलेले 'बोनमील' त्याच गच्चीवर वर्षभर वापरात होते. ते हाडांचा चुरा आहे. पिशवीत बंद, किंमत छापलेली असली की पावित्र्याला बाधा येत नाही, असे दिसते.

ही गोष्ट एका गच्चीपुरती नाही. आपण काय खातो यावरून भाड्याने घर मिळते की नाही हे ठरणाऱ्या शहरात, सामायिक जागेचा प्रत्येक नियम कुठल्या कारणाने केला आहे हे विचारणे आपले काम आहे. सामुदायिक शेती चांगली म्हणून ती आपोआप सर्वांची होत नाही.

आणि जो ओला कचरा आपण मुरवत नाही तो कुठे जातो? मुंबईत पिढ्यान्पिढ्या तो देवनारला गेला. तिथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. अलीकडे बराचसा कांजुरमार्गला जातो. दाबून पडलेल्या ओल्या कचऱ्यात हवा नसते, त्यातून मिथेन तयार होतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार दिवसेंदिवस जळत राहिले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या धुराच्या सर्वांत जवळ राहणारी गोवंडीची वस्ती ज्या एम-पूर्व विभागात येते, तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत खाली होता. तिथे कोण राहतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मलबार हिलच्या आणि माझ्याही घरची भाजीची साल तिकडेच जात असे.

कायदा याबाबत स्पष्ट होता. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर वर्गीकरणाची जबाबदारी टाकली आणि मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे सांगितले. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०१७ पासून तसा आग्रहही धरला. त्यानंतर कितीतरी ठिकाणी महागडी कंपोस्ट यंत्रे आली आणि आज त्यांवर सायकली टेकवलेल्या दिसतात. यंत्राने खत होईलही, पण ते वापरायला वाफा हवा, आणि वाफ्याची वेळ आली की सोसायटीचे चिटणीस गळतीचे कारण सांगून किल्ली खिशात ठेवतात.

त्या कारणात तथ्यही आहे, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो आहे. एक फूट जाडीची ओली बागेची माती चौरस मीटरला पाचशे किलोंच्या आसपास जाते. म्हणजे गच्चीभर माती पसरणे धोक्याचेच. पाल्याची माती निम्म्याहून हलकी; ती आठ-नऊ इंचच भरा, पालेभाजीला पुरते. क्रेट विटांवर उचलून ठेवा, भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेत मांडा, निम्मी गच्ची मोकळी सोडा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. मग जो नकार उरेल तो गळतीचा नसेल.

दाट मोहल्ल्यांत गच्चीच नसते, असेल तर तिथे पत्रे आणि टाक्या असतात. तिथे आपल्या संस्थांकडे बोट दाखवावे लागेल. मशिदी, मदरसे, शादीखाने यांच्याकडे बऱ्याचदा आवार असते, कमिटी असते, पाणी असते. वजूच्या पाण्यात साबण नसतो. ते गटारात सोडण्याऐवजी टाकीत साठवून झाडांना देता येते. इफ्तारनंतर रस्त्यावर पडणारी कलिंगडाची आणि केळीची साले हे उत्तम खत आहे, आणि ती गोळा करून मुरवावी असे रमजानच्या नियोजनाच्या बैठकीत आम्ही तरी अजून ऐकलेले नाही. त्या बैठकीला बायका नसतात हेही एक कारण असावे. मोहल्ल्यात कुंड्यांत पुदिना, कढीपत्ता, कोरफड लावणाऱ्या त्याच आहेत. शेतीच्या कमिटीत त्यांना पाणी घालण्यापुरते घेऊ नका. किल्ली आणि वही त्यांच्याकडे द्या.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पालिकेच्या परवानगीची वाट पाहण्याआधी पाला साठवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम आणि पिंपळाची पाने रस्त्यावर ढिगाने पडतात आणि पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत जातात. सफाई कामगारांशी बोलून ती पोती मागून घ्या. फेब्रुवारीत रचलेला ढीग जूनअखेर तयार होतो, आणि भेंडी-दोडक्याचा हंगाम तोच आहे.