शिष्यवृत्ती हे दान नव्हे

पी. यू. सी. चा निकाल लागला की आमच्या गल्लीगल्लीतून पेढे वाटले जातात, मंडळांचे सत्कार होतात. आणि महिन्याभरातच त्यांतल्या एखाद्या घरचा बाप कॉलेजच्या फीसाठी सोसायटीच्या पायऱ्या झिजविताना दिसतो. ह्या दोन दृश्यांच्या मध्ये शिष्यवृत्तीचा एक अर्ज असावयास हवा होता. तो बहुधा नसतो, आणि त्याचा सगळा दोष सरकारच्या माथी मारून आम्हास मोकळे होता येणार नाही.

केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचेच उदाहरण घ्या. ती दरवर्षी ८२,००० नव्या विद्यार्थ्यांसाठी असते. पदवीच्या काळात सालिना १२,००० रुपये मिळतात. आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत पहिल्या वीस टक्क्यांत यावे आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे, एवढीच मुख्य अट. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या, बोर्डातील पहिल्या एक टक्क्यातील मुलांसाठी ‘इन्स्पायर’ची योजना तर सालिना ८०,००० रुपयांपर्यंतची आहे. ह्या दोहोंत ना मुलाखत, ना वशिला.

काही स्वाभिमानी मंडळी विचारतात, ‘ज्यांनी आम्हास लोटले त्यांच्यापुढे हात का पसरावा?’ ह्या भावनेची आम्हास कदर आहे. पण हा तर्क घातक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमच्या इच्छेविरुद्ध सीमा आखली गेली, म्हणून आमच्या मुलांच्या गुणांवरचा हक्क संपत नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली मॅट्रिकला पहिले येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. त्याच देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर देशाचे अर्थमंत्रिपद सोडले. शिष्यवृत्तीने त्यांचा कणा वाकला नाही, ताठच झाला!

कागदपत्रे कानडीत येतात, ही तक्रार खरीच आहे. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने मान्य केलेले तत्त्व आहे, आणि त्यासाठी आम्ही झगडतच राहू. परंतु अर्जाची अखेरची तारीख आमच्या झगड्यासाठी थांबत नाही. नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढणे, गुणपत्रिकेवरील आणि आधारवरील नाव एकच आहे ना हे पाहणे, मुलाच्या स्वतःच्या नावे बँकेत खाते उघडून ते आधारशी जोडणे, ही कामे निकालाआधीच उरकता येतात. केंद्राची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहण्यास ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, हेही कित्येकांच्या गावी नसते.

मोठ्या शिष्यवृत्त्यांस मुलाखत असते. परदेशी उच्च शिक्षणासाठी १८९२ पासून चालत आलेली जमशेटजी टाटांची कर्ज-शिष्यवृत्ती ही त्यांपैकीच. तेथे आमचा मुलगा अडखळतो तो ज्ञानात नव्हे, संकोचात. मराठी शाळेत शिकलो हे तो चोरून ठेवू पाहतो. का? घरी मराठी, बाजारात कानडी आणि पुस्तकात इंग्रजी वापरणारा विद्यार्थी कोणापेक्षा उणा आहे? वडगाव-शहापूरच्या मागावर वडिलांना हात दिला असेल तर यंत्रमागाचा हिशेब सांगावा. उद्यमबागेतील फौंड्रीत घरचा माणूस असेल तर ओतकाम सांगावे. पाहिलेल्या गोष्टीवर बोलणाऱ्याचे इंग्रजी साधे असले तरी चालते. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येईल असे धरून चालावे. ठाऊक नसेल ते ‘ठाऊक नाही’ म्हणावे. सीमाप्रश्नाविषयी कोणी विचारलेच, तर दोन वाक्यांत निर्भयपणे आपले मत सांगावे आणि आपल्या विषयाकडे वळावे. ती खोली म्हणजे सभेचे व्यासपीठ नव्हे.

आमची मंडळांस आणि शिक्षकांस एकच विनंती आहे. सत्काराची शाल यंदा थोडी स्वस्त घ्या. पण निकालाच्या आठवड्यात वाचनालयात एक टेबल मांडून चार जाणत्यांना बसवा आणि मुलांचे अर्ज भरून घ्या. लढा लांबला आहे. तो पुढे नेणारी पिढी फीअभावी कॉलेजच्या दारातून परत फिरता कामा नये.