संगणकाला कर्ण कोण सांगणार?

घराचा नकाशा काढणे हे आता केवळ अभियंत्याचे किंवा आरेखकाचे काम राहिलेले नाही. लिब्रेकॅड, स्वीट होम थ्रीडी अशा मोफत मिळणाऱ्या आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, शाळेच्या साध्या संगणकावरही चालतात. नववी-दहावीचा विद्यार्थी चार-आठ दिवसांच्या सरावाने आपल्या घराचा नीटनेटका आराखडा पडद्यावर काढू शकतो. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हे शिकवताना आपण क्रम उलटा लावतो. कोणते बटण दाबावे हे आधी शिकवले जाते आणि मोजावे कसे, हे शिकवायचे राहून जाते.

माझे मत असे आहे की, ज्याने हातात टेप धरून निदान एक खोली तिच्या कर्णासह मोजलेली नाही, त्याने संगणकावर नकाशा काढायला बसू नये. हे मत काहींना कडक वाटेल. म्हणून त्यामागची कारणे सविस्तर सांगतो.

नकाशा कशासाठी?

घराचे क्षेत्रफळ ही काही शोभेची संख्या नव्हे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत ते लिहिलेले असते आणि घरपट्टीच्या हिशेबात तो एक महत्त्वाचा घटक असतो. घरावर कर्ज काढायचे असो, घर विकायचे असो वा भावाभावांत वाटणी करायची असो, पहिला प्रश्न एकच असतो: जागा किती?

केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर केली. या योजनेत गावठाणातील मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखतात, वरून ड्रोन उडवून छायाचित्रे घेतात आणि त्यांवरून १:५०० या प्रमाणात नकाशा तयार करतात. त्याच्या आधारे घरमालकाला सनद व मिळकत पत्रिका मिळते. शतकानुशतके ज्या गावठाणांत घरोघरचा नकाशा नव्हता, तेथे तो आता होत आहे. हे मोठे काम आहे. पण १:५०० याचा अर्थ काय? नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५ मीटर. नकाशावर १ मिलिमीटरची रेघ इकडची तिकडे झाली, तर जमिनीवर अर्ध्या मीटरचा फरक पडला.

शिवाय ड्रोन वरून पाहतो. त्याला पत्र्याची कड दिसते, पत्र्याखालची भिंत दिसत नाही. खोल्या किती, माडीवर काय, भिंती किती जाड, हे त्याला कळत नाही. ते मोजायला माणूसच घरात शिरावा लागतो. तो माणूस तुम्ही का असू नये?

आज्ञावली काय करते?

मोजलेले घर संगणकाला सांगण्याची रीत अगदी सोपी आहे. एका कोपऱ्यापासून निघायचे आणि भिंतीच्या कडेने चालत पुन्हा त्याच कोपऱ्यावर यायचे. समजा, इंग्रजी एल अक्षरासारखे एक घर आहे. पूर्वेकडे ३० फूट, उत्तरेकडे २०, पश्चिमेकडे १२, उत्तरेकडे १२, पश्चिमेकडे १८ आणि दक्षिणेकडे ३२. आकृती पूर्ण झाली.

संगणक प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशक मांडतो: (०,०), (३०,०), (३०,२०), (१८,२०), (१८,३२), (०,३२). मग लागोपाठच्या दोन बिंदूंसाठी पहिल्याचा क्ष गुणिले दुसऱ्याचा य, वजा दुसऱ्याचा क्ष गुणिले पहिल्याचा य, असा हिशेब करतो. शेवटच्या बिंदूवरून पहिल्या बिंदूकडे येतानाही हेच करतो. या उत्तरांची बेरीज येथे १६३२ येते. तिचे निम्मे म्हणजे ८१६ चौरस फूट. वहीत करून पाहा. घराचे दोन आयत पाडून ३० × २० अधिक १८ × १२ केले तरी ८१६ च येतात. म्हणजे यात जादू काही नाही. दहावीच्या निर्देशक भूमितीचाच हा पुढचा पाठ आहे.

आता समजा, १८ च्या जागी चुकून १६ लिहिले गेले. मग शेवटची भिंत टाकल्यावर आपण सुरुवातीच्या कोपऱ्यावर न येता त्याच्यापासून २ फूट दूर राहतो. आकृती मिटत नाही. ही न मिटणारी आकृती आपली मित्र आहे. कुठेतरी माप चुकले, हे ती आपल्याला सांगत असते. पण पुष्कळ आज्ञावलींत ‘आकृती मिटवा’ अशी सोय असते. घाईत असलेला माणूस ३२ फुटांची भिंत न टाकता ते बटण दाबतो. संगणक मुकाट्याने एक रेघ ओढून पहिला कोपरा गाठतो आणि क्षेत्रफळ ७८४ असे सांगतो. ती रेघ ३२ फुटांत अवघी २ फूट कललेली असते. पडद्यावर ती डोळ्यांत भरतही नाही. चूक तशीच राहिली, चूक दाखवणारी खूण मात्र पुसली गेली.

म्हणून पहिला नियम असा: ‘आकृती मिटवा’ हे बटण वापरायचे नाही. शेवटची भिंतही मोजायची, तिचे माप टाकायचे आणि आकृती आपोआप मिटते का ते पाहायचे.

मिटूनही चुकलेली आकृती

यापेक्षा लबाड चूक वेगळीच आहे. कारंजा (लाड) या आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या गावाला एके काळी तट होता. त्याच्या वेशी दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि दारव्हा या नावांनी ओळखल्या जातात. अशा जुन्या वस्त्यांत घरे गल्लीच्या वळणाने बांधली जातात. वाशिम, रिसोड किंवा मंगरुळपीरच्या जुन्या भागातही हेच दिसेल. तेथील प्रत्येक कोपरा काटकोनात असेलच, असे नाही.

समजा, अशा एका घराच्या समोरासमोरच्या भिंती ४० व ४० आणि ३० व ३० फूट भरल्या. संगणकाला तुम्ही ४०, ३०, ४०, ३० सांगितले. आकृती बिनचूक मिटते. संगणक १२०० चौरस फूट सांगतो. सगळे ठीक दिसते. पण आता आतून समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले अंतर, म्हणजे कर्ण, मोजा. कोपरे काटकोनात असतील, तर पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे तो ५० फूट यायला हवा. तो जर ४० फूटच आला, तर घर कललेले आहे. तेव्हा ४०, ४० आणि ३० बाजूंचे दोन त्रिकोण होतात आणि खरे क्षेत्रफळ सुमारे १११२ चौरस फूट भरते. एवढ्याशा कारणाने ८८ चौरस फूट, म्हणजे एक लहानशी खोलीच, कागदावर जास्त आली! तिची घरपट्टी द्यायची आणि वाटणीत तिच्यावरून भांडायचे, पण ती जागा मुळात अस्तित्वातच नाही.

असे का होते? चार पट्ट्या घेऊन प्रत्येक कोपऱ्यावर एकेक खिळा ठोका. चौकट हाताने दाबली की कलते. बाजू त्याच राहतात, आकार मात्र बदलतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण केला तर तो हलत नाही. म्हणूनच सुतार शेताच्या फाटकाला एक तिरपी पट्टी ठोकतो. ती पट्टी म्हणजेच कर्ण. चार बाजूंवरून चौकोन ठरत नाही, चार बाजू आणि एक कर्ण यांवरून ठरतो.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची रीत दिली आहे. पण तिने येणारे क्षेत्रफळ स्थूल असते, हेही सांगितले आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत तर अशा प्रश्नाचा चांगलाच समाचार घेतला आहे. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा भानावर नाही आणि त्याचे उत्तर देणारा तर त्याहूनही नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आठशेहून अधिक वर्षे झाली, तरी सरासरी काढून गुणण्याची ती रीत गावोगाव चालूच आहे. आता तिच्या जोडीला उत्तर देणारा संगणक आला आहे.

संगणकाची सरळ रेघ

यात संगणकाचा दोष नाही. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत इव्हान सदरलँड यांनी स्केचपॅड ही आज्ञावली तयार केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने ओबडधोबड रेघा ओढायच्या आणि ‘या दोन समांतर कर’, ‘या दोन काटकोनात आण’ असे सांगायचे; संगणक त्या तशा करून देई. नकाशे काढणाऱ्या आजच्या आज्ञावलींत ही कल्पना उतरली आहे. रेघ थोडी वाकडी झाली, तर ती आपण होऊन ठराविक कोनात बसते. नवे घर आखताना ही सोय फार उपयोगी पडते, कारण तेथे आपल्याला काटकोनच हवा असतो. पण उभ्या असलेल्या जुन्या घराचा नकाशा काढताना हीच सोय फसवते. घर आहे तसे दाखवायचे असते, असायला हवे तसे नव्हे.

मग कललेला कोपरा संगणकात काढायचा कसा? भूमितीच्या तासाला कंपासने त्रिकोण काढता, अगदी तसा. भिंतीच्या एका टोकावरून दुसऱ्या भिंतीच्या लांबीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा, दुसऱ्या टोकावरून कर्णाएवढ्या त्रिज्येचे. दोन्ही वर्तुळे जेथे छेदतात, तेथे घराचा कोपरा.

आणखी तीन सावधगिऱ्या

पहिली, इंच आणि दशांश यांची. टेपवर १० फूट ६ इंच आले की पुष्कळजण संगणकात १०.६ लिहितात. फुटाचे इंच बारा, दहा नव्हेत. बरोबर माप १०.५ आहे. १० फूट ११ इंच हे १०.११ लिहिले, तर जवळजवळ पाऊण फुटाहून अधिक भिंत गायब होते. यापेक्षा मीटरमध्येच मोजावे.

दुसरी, भिंतीची. बाहेरून ४० × ३० फूट असलेले घर १२०० चौरस फुटांचे. त्याच्या भिंती दीड फूट जाडीच्या मातीच्या असतील, तर आतली जागा ३७ × २७, म्हणजे ९९९ चौरस फूट. भिंती नऊ इंची विटांच्या असतील, तर सुमारे १०९७. तिन्ही आकडे खरे आहेत, पण तिन्हींचा अर्थ वेगळा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या दिली आहे. तीत बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या विभाजक भिंती धरतात. तेव्हा माप आतून घेतले की बाहेरून, हे नकाशावर लिहिलेच पाहिजे.

तिसरी सावधगिरी पदार्थविज्ञानाची. संगणक १११२.४३ असा आकडा देतो. हे दोन दशांश कोठून आले? टेप झोळ खाते, भिंतीला गिलावा कमी-जास्त असतो. प्रत्येक मापात एक इंच इकडेतिकडे होणे सहज शक्य आहे. ४० × ३० फुटांच्या आयतात दोन्ही मापे एकेक इंचाने चुकली, तर क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस फुटांनी बदलते. मग दशांशांतल्या आकड्यांना अर्थ काय? प्रयोगशाळेत आपण लघुतम माप शिकतो, ते परीक्षेपुरते नव्हे.

आक्षेप आणि उत्तर

काही शिक्षक म्हणतील, आता लेसरने क्षणात अंतर मोजता येते. टेपचा आग्रह कशाला? लेसर जरूर वापरा. पण तोही तुम्ही रोखाल तेवढीच लांबी सांगतो. कर्ण मोजायचे तुमच्या मनात आले नाही, तर लेसरच्याही मनात येणार नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. परंतु पायथागोरसचे प्रमेय, त्रिकोण रचना, निर्देशक भूमिती आणि मोजमापातील त्रुटी हे सारे अभ्यासक्रमात आहेच. ते वेगवेगळ्या तासांत शिकवण्याऐवजी शाळेच्या एका खोलीत एकत्र शिकवता येईल.

ज्या शाळेत संगणक नाही, तिचेही अडत नाही. आलेख कागदावर हे सगळे होते. गावातल्या गवंड्याला पाहा. तो पायाची आखणी करताना एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतो आणि तिरपे ५ फूट जुळले की मगच फक्की टाकतो. शुल्बसूत्रांतले ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच. त्या दोरीपासून संगणकापर्यंत साधने बदलली, कर्णाचे काम बदलले नाही.

तेव्हा येत्या सुट्टीत एवढे करा. दोघे मिळून आपल्या घरातली एक खोली मोजा: चारही भिंती आणि दोन्ही कर्ण. कागदावर हाताने कच्चा नकाशा काढून त्यावर मापे लिहा. एक कर्ण वापरून आकृती काढा आणि दुसऱ्या कर्णाने ती तपासा. दोन्ही जुळले, की मग संगणक सुरू करा. पुढे घराचा नमुना ८ चा उतारा आईवडिलांकडून मागून घ्या आणि आपले क्षेत्रफळ त्याच्याशी ताडून पाहा. फरक आढळला, तर तो कशामुळे आला ते आधी स्वतः शोधा: आतले माप की बाहेरचे, फूट की मीटर, काटकोन की कललेला कोपरा. मगच ग्रामपंचायतीत विचारा. तेव्हा तुमच्या हाती नुसती शंका नसेल, मोजमाप असेल. आणि मोजमाप घेऊन आलेल्या माणसाला उत्तर द्यावेच लागते.