मिटवलेली नोंद आणि उरलेली प्रत

ठाणे जिल्ह्यात अठरा वर्षांखालचा मुलगा गुन्ह्यात सापडला की स्थानिक बातमीचे शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते: त्याची रवानगी भिवंडीच्या बालसुधारगृहात करण्यात आली. त्याच भिवंडीभोवती, मानकोली, राहनाळ, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेरपासून थेट पडघ्यापर्यंत, आपल्या धंद्याची गोदामे पसरली आहेत. सुधारगृहातून बाहेर पडलेला मुलगा दोन-चार वर्षांनी काम शोधू लागतो, तेव्हा पिकर, पॅकर, लोडर किंवा डिलिव्हरीचे काम हाच त्याच्या हाताशी असलेला रोजगार असतो. आपला सुपरवायझर त्याच्याकडून आधार, पॅन, बँकेचे पासबुक घेतो आणि इंग्रजीतल्या एका संमतिपत्रावर सही घेतो. चार दिवसांत बीजीव्हीचा, म्हणजे पार्श्वभूमी पडताळणीचा, रिपोर्ट येतो. हिरवा असेल तर गेटपास, लाल असेल तर ‘सध्या जागा नाही’.

हे मासिक वाचणारे बहुतेक जण या साखळीत कुठे तरी आहेत: कंपन्यांचे एचआर, मनुष्यबळ पुरवणारे ठेकेदार, पडताळणी संस्थांचे स्थानिक प्रतिनिधी. म्हणून हा विषय वकिलांवर न सोडता इथे घेतला आहे. आपल्या हाती येणाऱ्या लाल रिपोर्टांत अशाही नोंदी असू शकतात, ज्या कायद्याने नष्ट झालेल्या आहेत किंवा व्हायला हव्या होत्या. त्या वाचून नोकरी नाकारणारे आपण आहोत, त्यामुळे त्या काढायला लावण्याची जबाबदारीही आधी आपली आहे.

भारतात प्रौढ माणसाचा गुन्हेगारी रेकॉर्ड पुसून टाकण्याचा सर्वसाधारण कायदा नाही. मुलांसाठी मात्र आहे, आणि तो स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 24 नुसार, बालपणी केलेल्या गुन्ह्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि दोषसिद्धीची कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची असतात. 2016 च्या केंद्रीय आदर्श नियमांत ही मुदत अपिलाचा काळ संपेपर्यंत किंवा सात वर्षे, त्यापुढे नाही, अशी आहे. अपवाद एकच: सोळा पूर्ण झालेल्या मुलाने किमान सात वर्षे शिक्षेचा गंभीर गुन्हा केल्याचे बाल न्यायालयाने ठरवले असेल तर. कलम 74 आणखी पुढे जाते. निकाली निघालेल्या प्रकरणातील मुलाची नोंद पोलिसांनी चारित्र्य पडताळणीसाठीसुद्धा उघड करायची नाही. म्हणजे शांतीनगर किंवा नारपोली पोलीस ठाण्याने जे सांगायला मनाई आहे, ते एखादी खासगी कंपनी काही रुपयांत आपल्याला सांगू शकते आणि आपण ते फाइलला लावतो.

मग ते तिच्याकडे पोहोचते कसे? कायदा नीट पाळला तर मुलाचे नाव बाहेर यायचे कारणच नाही. येते ते बहुतेक वेळा वयाच्या घोळातून. यंत्रमागांवर आणि गोदामांत काम करणारी पोरे पूर्व उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेली. जन्मदाखला गावी, कित्येकदा नाहीच. पकडल्यावर वय विचारले जाते, पोरगा घाबरून काही तरी सांगतो, किंवा समोरचा चेहऱ्यावरून ‘19’ लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये दिलेल्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायची असते. तिथे नाव चढते. दंडाधिकाऱ्यांपुढे रिमांड होते, प्रकरणाला क्रमांक मिळतो, ई-कोर्ट्सवर आरोपी म्हणून नाव दिसू लागते. महिन्या-दोन महिन्यांनी गावाकडून कोणी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतो, कलम 94 प्रमाणे वय तपासले जाते, पोरगा सोळा-सतराचा निघतो आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे वर्ग होते. कलम 9 प्रमाणे हा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही करता येतो. कायद्याच्या दृष्टीने तो पहिल्या दिवसापासून बालकच होता. पण मधल्या महिन्यांत ज्याने प्रत काढून ठेवली, त्याच्याकडे हा दाखला जात नाही.

पडताळणीचा धंदा याच प्रतींवर चालतो. सार्वजनिक संकेतस्थळांवरून नाव, न्यायालय, कलम, वर्ष उचलायचे आणि आपल्या साठ्यात भरायचे. एकदा भरलेले पुन्हा ताडून पाहण्यात पैसा खर्च होतो आणि ग्राहकाने तो मागितलेला नसतो. प्रकरण वर्ग झाले, मागे घेतले गेले, आरोपी सुटला, या बातम्या साठ्यात आपोआप शिरत नाहीत.

त्यात नावांचा गोंधळ. न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधले की समोर येते ते नाव, त्यासोबत जन्मतारीख नसते. भिवंडीत अन्सारी किती, शेख किती, आणि आगरी गावांत पाटील किती, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. बेंगळुरू किंवा गुरुग्रामला बसून पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसते. तो ‘संभाव्य जुळणी’ असा पिवळा शेरा मारतो. गोदामात पिवळा म्हणजे लालच, कारण उद्या सकाळच्या शिफ्टला दुसरी तीस पोरे उभी असतात.

प्रौढांच्या बाबतीत कायदा मिटवण्याचे वचन देत नाही, तरी तिथेही एक ओळ पुरती फसवते. भिवंडीचे वीजवितरण 2007 पासून फ्रँचायझीकडे आहे आणि वीजचोरीचे गुन्हे शहराला नवे नाहीत. वीज कायदा 2003 च्या कलम 152 खाली ठरलेली रक्कम भरून असे प्रकरण एकदा आपसांत मिटवता येते, आणि तसे मिटले की ती कायद्याने निर्दोष मुक्तता मानली जाते. ज्याच्या नावावर मीटर होते त्याच्या पोराने पंधरा वर्षांनी नोकरीला अर्ज केला तर अडचण नाही, पण त्या माणसाने स्वतः केला तर रिपोर्टात ‘चोरी’ हा शब्द येऊ शकतो, खाली बारीक अक्षरात ‘निकाली’. टाळेबंदीतले भारतीय दंडसंहितेच्या कलम 188 चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने 2022 मध्ये घेतला. रस्त्यावर सापडलेल्या मजुरांवरही ते लागले होते. चॅप्टर केस तर गुन्हाच नव्हे, ती शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई. या सगळ्यांचा रंग रिपोर्टात एकच.

राज्यसंस्था इथे थोडी तरी सावध आहे. 2022 च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात बोटांचे ठसे वगैरे पंचाहत्तर वर्षे ठेवायची तरतूद आहे आणि तिच्यावर योग्य टीकाही झाली. पण त्याच कायद्यात, पूर्वी शिक्षा न झालेला माणूस अखेर निर्दोष सुटला तर न्यायालयाने वेगळे न सांगितल्यास ते ठसे नष्ट करायचे, असेही आहे. खासगी साठ्याला असे काहीच बंधन नाही.

जुनी नोंद झाकून मिळण्याच्या हक्काबाबत न्यायालयांचा सूर अजून एक झालेला नाही. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. एप्रिल 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर भारतीय वंशाच्या एका अमेरिकी नागरिकाचे प्रकरण आले: अमली पदार्थांच्या खटल्यात निर्दोष सुटला, पण निकाल इंटरनेटवर असल्याने नोकरी मिळेना. न्यायालयाने शोधयंत्रावरून आणि निकालांच्या संकेतस्थळावरून तो अंतरिम दडवायला सांगितला. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये खुल्या न्यायदानाच्या तत्त्वावर जोर देऊन, कौटुंबिक वादांसारखे अपवाद सोडता, असा सरसकट हक्क मानला नाही. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये निर्दोष सुटलेल्याचे नाव झाकायला सांगितले, त्याला जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. हा वाद खरा आहे आणि निकाल वाचण्याचा जनतेचा हक्क मीही हलका मानत नाही. मात्र मुलांच्या बाबतीत वाद उरलेला नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या उपनिरीक्षकपदाच्या एका उमेदवाराबाबत नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालपणीच्या प्रकरणावरून नेमणूक नाकारणे चूक ठरवले. बंदूक घेऊन विमानतळ राखणाऱ्या दलाला जे चालते, ते खोकी टेप करणाऱ्या पॅकरला का चालू नये?

आता डेटा संरक्षण कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. आपल्या क्षेत्रात त्यावर झालेल्या सेमिनारांत सगळा भर संमतिपत्राच्या मसुद्यावर असतो. माझ्या मते लक्ष द्यायची जागा कलम 8 आहे. एजन्सीशी करार काहीही असो, तिच्या प्रक्रियेची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीची राहते. आणि ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार, ती पूर्ण व अचूक असल्याची काळजीही तिनेच घ्यायची.

पळवाटाही आहेत. कायद्याने जाहीर करणे बंधनकारक असलेली माहिती या अधिनियमाच्या बाहेर आहे, त्यामुळे पडताळणी संस्था ‘आम्ही फक्त सार्वजनिक नोंद दाखवली’ म्हणतील. नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरण्याची सोय कलम 7 मध्ये आहे, आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क मात्र संमतीने दिलेल्या माहितीपुरता. पण मुलाच्या नोंदीला पहिली पळवाट लागू होऊच शकत नाही. ती जाहीर करण्याचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही, उलट त्याला बंदी आहे आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ‘दळणवळणाच्या अन्य कोणत्याही प्रकारात’ मुलाची ओळख उघड करायला तिथे मनाई आहे. ईमेलने फिरणारा रिपोर्ट त्यात बसतो, असे माझे वाचन आहे. विरुद्ध वाचन असलेल्या वकिलाने आम्हाला जरूर लिहावे, छापू.

या गुंत्यावर व्यवहारातले उत्तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सापडते. त्यांनी 2018 च्या कायद्याने ठरावीक जुन्या नोंदी आपोआप सीलबंद करायला सुरुवात केली. पण त्यांच्या न्यायालय प्रशासनाचे एक काम मला जास्त महत्त्वाचे वाटते. त्यांच्याकडून घाऊक माहिती विकत घेणाऱ्यांना ते काढून टाकलेल्या प्रकरणांची यादीही देतात आणि त्यानुसार आपला साठा साफ करणे खरेदीदारांवर बंधनकारक असते. ज्या नळाने माहिती गेली, त्याच नळाने ती परत बोलावण्याची सोय. तिथल्या केंद्रीय ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने जानेवारी 2024 मध्ये मिटवलेल्या नोंदी रिपोर्टात देऊ नयेत असे मार्गदर्शन काढले होते, ते मे 2025 मध्ये मागे घेतले गेले. वरून येणारी पत्रके अशी येतात-जातात, खरेदीच्या करारातली अट टिकते. आपल्याकडे घाऊक विक्रीच नाही, जो तो संकेतस्थळ खरवडतो. त्यामुळे परत बोलावणार कोणाला, हा प्रश्न न्यायालय प्रशासनाला विचारायला हवा, आणि तो विचारण्याचे बळ पडताळणीचे लाखो रिपोर्ट विकत घेणाऱ्या आपल्या उद्योगाकडे आहे.

तोवर आपल्या हातात एजन्सीचा करार आहे. बहुतेक करारांत किती तासांत रिपोर्ट आणि किती रुपये एवढेच ठरलेले असते. त्यात घालायला हवे की, नाव जुळल्यावर वडिलांचे नाव, पत्ता आणि वय जुळल्याशिवाय नोंद कळवायची नाही. साठ्यातली नोंद कळवण्यापूर्वी त्याच आठवड्यात मूळ संकेतस्थळावर ताडायची, आणि मुळात नसेल तर साठ्यातूनही काढायची. घटनेच्या तारखेला उमेदवार अठराच्या आत असेल तर ती ओळ आपल्यापर्यंत येताच कामा नये. ‘निकाली’ असा मोघम शेरा नको, सुटला की शिक्षा झाली की तडजोड झाली ते लिहा. लाल रिपोर्ट आला तर उमेदवाराला तो मराठी किंवा हिंदीत दाखवून दाखला आणायला आठ-दहा दिवस द्यावेत. एवढ्याने रिपोर्टामागे काही रुपये वाढतील. ठेकेदारांना ते परवडणार नाहीत, त्यामुळे ग्राहक कंपनीने दरपत्रकातच ते धरायला हवेत.

‘वरून पॉलिसी आहे’ हे उत्तर मला नेहमी ऐकू येते. सुरक्षारक्षकांचे वेगळे आहे, तिथे 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्यानेच चारित्र्य तपासणे बंधनकारक आहे आणि ते असावे. लोडर-पॅकरसाठी असे कोणतेही सर्वसाधारण बंधन नाही. ती ग्राहकाच्या करारातली ओळ असते, बहुधा दुसऱ्या कुठल्या शहराच्या टेम्प्लेटमधून आलेली. ती बदलून मागता येते. अर्जावर ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?’ या प्रश्नाऐवजी ‘अठरा पूर्ण झाल्यानंतर शिक्षा झाली आहे का?’ असे विचारता येते. शासकीय भरतीत माहिती दडवल्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतारसिंग निकालात सविस्तर हाताळला आहे आणि तिथेही क्षुल्लक प्रकरण, तरुण वय यांचा विचार करायला सांगितले आहे.

शेवटी एक साठा असा, ज्याला कोणताही करार लागू नाही. ठेकेदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारे पोरांचे फोटो: ‘याला कोणी घेऊ नका, चोरीत होता’. पाठवणारा तीन वर्षांपूर्वी ग्रुप सोडून गेलेला असतो, प्रकरणाचे पुढे काय झाले ते कोणी विचारलेले नसते, आणि फोटोतले पोर कधी कधी मिसरूडही न फुटलेले दिसते. मानकोली नाक्यावरच्या ऑफिसांत बसणाऱ्या आपल्या वाचकांनी हा अंक खाली ठेवण्याआधी फोनमधले असे फोटो काढून टाकावेत, आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनला तसे कळवावे.